दुरडीवरचं फडकं

प्रिय चन्नक्का,

तुम्हाला शरणू म्हणू की नमस्कार लिहू, इथंच अडलंय बघा. तुमच्या घरात आल्यागेल्याला शरणू म्हणायची रीत, आणि मी उदगीरची, हात जोडून मोकळी होणारी. तुम्ही माझा नमस्कार कधी धड घेतला नाहीत. म्हणायच्या, "हात जोडू नगं पोरी, हात कामाला लाव." आज लावलाय. पोराच्या वहीतला कागद मागून घेतला, त्याची कुरकुर ऐकून. शाळेत त्याला सगळं उर्दूतून शिकवतात, त्यामुळे आई कुणाला काय लिहिते आहे हे त्याला वाचता यायचं नाही. तेवढंच बरं आहे.

तुम्ही गेल्याचा निरोप एका गाडीवानानं नौबादला आणला, तोवर तुम्हाला समाधीत बसवूनही झालं होतं. माझे घरधनी, म्हणजे तुम्ही वाढवलेला तुमचा सिद्राम (तोंडानं नाव घेत नाही मी, कागदावर चालत असेल), डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "म्या निगालाव मुडबीला. तू येतीस का?" मी नाही म्हटलं. आणि गाडी हलायच्या आत पोराला घेऊन चढूनही बसले! ह्यांनी सरकून जागा करून दिली.

मुडबीहून आले आणि चूल पेटवायच्या आधी लिहायला बसले आहे. तिथं मला एक गोष्ट कळली, अक्का. तुमच्या जिवंतपणी कळायला हवी होती, तुम्हालाही आणि मलाही. आता तुम्ही ऐकणार कशा? तरी सांगते.

लग्न होऊन मी मुडबीत आले तेव्हा आमचं घर म्हणजे दोन लेकरांनी मांडलेली भातुकली. ह्यांचे आईबाप साथीत गेलेले, हे शेजारी तुमच्या ओसरीवर जेवून मोठे झाले. माझी आई तर मला आठवतसुद्धा नाही. बाप दुकानात मुनीम. त्यांनी मला अक्षरं शिकवली, पण चूल शिकवायला त्यांना तरी कुठं येत होतं? पहिल्याच दिवशी मी भाकरी अशी जाळली, की वासावरून सगळ्या गल्लीला नवी सून आल्याचं कळलं. तुम्ही न बोलावता आत आलात. "कामून जाळायलीस पीठ? सरक तिकडं." एवढं बोलून तुम्ही परातीशी बसलात, आणि मी तुमच्या पाठीमागे उभी राहून रडून घेतलं. तुम्हाला दिसलं नसेल असं मला वाटलं. पण जाताना तुम्ही नीट सांगून गेलात, की चुलीच्या धुरानं डोळ्याला पाणी येतंच.

सकाळी तुम्ही ओट्यावर बसायच्या, कपाळभर विभूती लावून. रस्त्यानं कुणीही जावो, कानडी, मराठी, तेली, मुल्ला, नाहीतर पाटलाचा माणूस, तुमचा प्रश्न एकच. "ऊटा आयता?" जेवण झालं का? उत्तराला मात्र तुम्ही थांबत नव्हता! तो बापडा 'झालं' म्हणेपर्यंत तुम्ही पुढच्याला विचारलेलं असायचं. मी ह्यांना चिडवायचे, की तुमच्या अक्काला एकदा 'नाही झालं' म्हणून तर बघा, ऐकूसुद्धा यायचं नाही. हे हसायचे. तेव्हा आम्ही फार हसत होतो, अक्का.

आणि तुमची ती दुरडी! गल्लीत एखाद्या कोवळ्या जोडप्याला मूल झालं, आणि घरात करणारंसवरणारं कुणी नसलं, की तुमच्या माळ्यावरून ती खाली यायची. आज तेल्याच्या घरची भाकरी, उद्या कोष्ट्याच्या घरची शेपूची भाजी, परवा तुमची हळिवाची खीर. जिच्या दारात दुरडी ठेवली तिनं ती भरायची आणि बाळंतिणीच्या उंबऱ्याशी ठेवून गुमान निघून यायचं. हाक मारायची नाही. एकीनं पाणी भरायचं, एकीनं शेगडीला निखारे आणायचे. बाळाला न्हाऊ घालायचं काम तुमचं, ते तुम्ही कुणाला देत नव्हता. गल्लीत एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया दुरडीच्या बाबतीत मात्र शहाण्यासारख्या वागायच्या.

तुमचा कायदा एकच होता, बाळंतिणीला काही विचारायचं नाही. माझे दिवस भरत आले तेव्हा माझ्या कंबरेला तेल चोळता चोळता तुम्ही सांगितलं होतं. "इचारलं की पोरगी लाजती. लाजली की न्हाई म्हणती. न्हाई म्हणली की उपाशी ऱ्हाती. त्यापरीस इचारायचंच कशाला?" मला ते किती पटलं होतं! आईविना वाढलेल्या मुलीला मागायची लाज काय असते हे तुम्हाला न सांगता कसं समजलं, याचं मला नवल वाटलं होतं.

मग माझी पोर झाली. तुम्हीच तिला पहिल्यांदा हातात घेतलं. उजव्या गालाला खळी आहे हे तुम्हीच पहिल्यांदा पाहिलंत आणि कानडीत काहीतरी बोललात, ते मला कळलं नाही. मी अर्थ विचारला तर म्हणालात, "तुला काय करायचंय? ते आमचं दोघींचं हाय." बारशाला नाव तुम्ही ठेवणार होता. काय ठेवणार ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

हे तेव्हा शहाबादला फरशीच्या खाणीत होते. सुटी मिळेल तेव्हा यायचे, नाही मिळाली तर निरोप यायचा. घरात मी आणि पोर. पण मला एकटं वाटलं नाही, कारण रोज उंबऱ्यावर दुरडी टेकल्याचा आवाज यायचा. वर ते हळदीच्या रंगाचं जुनं फडकं, खाली ऊन भाकरी, वाटीत तूप. तुमचे मेथीचे लाडू तर इतके कडू असायचे, की दूध येण्यासाठी नव्हे, खोड मोडण्यासाठीच केले असावेत! मी नाक धरून खायचे. संपवून दुरडी बाहेर ठेवायची, वर फडकं पसरून, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. पुढचं कुणी सांगितलं नाही, अक्का.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर दाणे, चिमूटभर साखर, काहीतरी टाकूनच द्यायचं. माझ्या घरात टाकायला काय होतं? रोज ती रिकामी दुरडी बाहेर ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस अंगात जरा बळ आल्यासारखं वाटलं, तेव्हा मी ते फडकं धुतलं. तेलाचे डाग राखेनं घासून काढले, उन्हात वाळवलं, तळहातानं सुरकुत्या मोडल्या, त्याची चौपदरी घडी घातली आणि दुरडीच्या तळाशी ठेवली. दाणे नाहीत तर निदान धुतलेलं फडकं तरी आत असू दे. तुम्ही दुरडी उघडून बघाल, खूश व्हाल, म्हणाल उदगीरची पोर नीटनेटकी आहे हो! मी पोरीला मांडीवर घेऊन तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुरडी आली नाही.

पाणी आलं नाही, निखारे आले नाहीत, तुम्ही आला नाहीत. मला वाटलं कुणाकडे काही कार्य असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही कुणी आलं नाही. भिंतीपलीकडून तुमचा आवाज मात्र येत होता, "ऊटा आयता? ऊटा आयता?" सगळ्या गावाला विचारत होता, माझं दार सोडून! मी विचार करकरून डोकं शिणवलं. शेवटी मला कारण सापडलं. मी रोज दुरडी रिकामी परत करते, त्याचा राग. आणि वर एक धुतलेलं चिंधूक पाठवलं, म्हणजे तर थट्टाच. उष्टं खाऊन साधी मूठभर ज्वारीही परत न करणारी ही कसली सून, असं सगळ्या बाया बोलत असतील. माझ्या डोक्यात ते एकदा बसलं ते बसलं. मग मी कशाला येते तुमच्या दारात?

मी उठले. विहिरीवर गेले, जात्यावर बसले. ओल्या अंगाला वारं लागलं, ताप भरला आणि दूध आटलं. पोरीला पेजेचं पाणी कापसाच्या बोळ्यानं पाजत होते. ती आधी ते थुंकायची, मग थुंकायचीही बंद झाली. हे शहाबादहून आले तेव्हा ती होती, पण रडत नव्हती. हे म्हणाले, "अक्काला हाक मारून आणतो." मी म्हटलं, "खबरदार! ज्यांनी दुरडी थांबवली त्यांच्या पाया पडायचं न्हाई." ह्यांनी ऐकलं माझं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तुम्ही आलात तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणाच्या कडेला उभ्या राहिलात, पदर तोंडाशी धरून. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. तुमच्या डोळ्यांत मला तेव्हा रागच दिसला, खरं सांगते. आता वाटतं तो राग नव्हता, पण तेव्हा मला दुसरं काही दिसायला जागाच नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बीदरला रेल्वेचं काम निघालं, ह्यांना तिथं दगडाचं काम मिळालं, आणि आम्ही नौबादला बिऱ्हाड केलं. मुडबी सोडताना मी मागं वळून बघितलं नाही. तुम्ही गाडीवानाकडून निरोप धाडत राहिलात, "जत्रेला या, पोराला दावून जावा." मी दरवेळी काहीतरी निमित्त काढलं. हे एकटेच येऊन जायचे. परत आले की तुमच्याबद्दल काही सांगत नव्हते, आणि मी विचारत नव्हते. एका घरात राहून दोघांनी मिळून एवढी मोठी गोष्ट न बोलता सांभाळली, बघा!

इथं माझा मुलगा झाला तेव्हा शेजारच्या हलीमाबी नुसत्या घुसल्या घरात. तुमच्या अगदी उलट बाई. दारातूनच ओरडायच्या, "खाना खाई क्या गे? दूध आता क्या? पेट साफ हुआ क्या?" मला इतकी लाज वाटायची! सगळं खरं सांगायला लावायच्या. मी एकदा खोटंच 'हो खाल्लं' म्हटलं, तर चुलीवरचं भांडं उघडून बघितलं त्यांनी, आणि मला अशा शिव्या घातल्या की मी हसायलाच लागले. त्या बाईच्या भोचकपणावर माझा मुलगा वाढला. मनात म्हणायचे, बघा चन्नक्का, ही परक्या गल्लीतली बाई. तुम्हाला टोचावं म्हणून म्हणायचे. तुम्ही समोर नव्हता, तरी.

आता परवाचं सांगते. तुमच्या ओसरीवर पुरुषमाणसं बसली होती, मी आत निलम्माजवळ होते. तुमची सून आता पोक्त झाली, तुमच्यासारखीच विभूती लावते. तेवढ्यात एका बाईनं दुरडी आणून ठेवली. तीच दुरडी! काठाला नवी बांबूची पट्टी बांधलेली, पण तीच. निलम्मानं आत बघितलं. तळाशी फडक्याची घडी होती. ती सहज म्हणाली, "चला, कोपऱ्यावरच्या पोरीचं पुरं झालं म्हणायचं." आणि दुरडी माळ्यावर टाकायला निघाली.

मी विचारलं, "पुरं झालं? कशावरून?"

"घडी घातली न्हवं का. घडी घालून आत ठिवली म्हंजे पुरं, आता नगं. फडकं वर पसरल्यालं आसलं म्हंजे आजून पायजे. बाळंतिणीला त्वांडानं सांगायला लाज वाटती, म्हणून आमच्या अत्तीनं, तुमच्या अक्कानं, घालून दिल्याली रीत हाय ती." मग माझ्याकडे बघून जरा अडखळली. "तुमी बी तर घातल्याली की, वैनी."

अक्का, मी तिला पुढचं सगळं सांगायला लावलं.

निलम्मा सांगत होती. तुम्ही घडी बघितलीत. मग म्हणालात, "शिकल्याली पोर हाय. आपलं खानं नगं झालं आसंल तिला. तिनं नगं म्हणलंय, आता कसं जायाचं?" आणि तरी दुसऱ्या दिवशी दुरडी भरलीत. भरून दारापर्यंत आलात आणि परत फिरलात. पुन्हा एकदा भरलीत. खीर केली होतीत म्हणे. ती तशीच गाईपुढं ठेवलीत. भिंतीच्या एका बाजूला खीर होती आणि एका बाजूला माझी पोर होती!

का आला नाहीत, अक्का? रागानं विचारत नाहीये, पण विचारल्याशिवाय राहवतही नाही. एक भिंत तर मध्ये होती. माझी भाकरी जळाली तेव्हा न विचारता घुसलात, मग तेव्हा कायदा कुठला आडवा आला? मला लाजवायचं नाही म्हणून केलेली रीत तुम्हालाच माझ्या दारात लाजवून गेली का? आणि ती रीत परगावच्या सुनेला कुणीतरी समजावून सांगायची असते, हे एवढ्या बायांत एकीच्याही मनात आलं नाही? प्रत्येकीला वाटलं असणार, दुसरीनं सांगितलं असेल.

मी तरी कुठली शहाणी! मुनिमाची लेक, अक्षरं येणारी. भिंतीवरून एक हाक मारली असती, "अक्का, दुरडी कामून न्हाई आली?" तर तुम्ही धावत आला असता. आला असताच ना? मला तेवढं कळलं तरी पुरे होतं.

ह्यांना मी परतीच्या गाडीत सांगितलं. ऐकून हे म्हणाले, "मला बी ठाव न्हवतं. बायकांचं काम म्हणून कदी बघितलंच न्हाई." ज्या ओसरीवर जेवून हे मोठे झाले, तिथल्या दुरडीच्या फडक्याकडे ह्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग तोंड फिरवून बैलांकडे बघत बसले. आम्ही दोघं पोरीसाठी एकत्र रडलो ते त्या दिवशी, ती गेली तेव्हा नाही.

पण त्याआधी मी एक काम केलं, ते सांगायचं राहिलं. निलम्माच्या हातून दुरडी घेतली आणि कोपऱ्यावरच्या त्या पोरीच्या दारात गेले. निलम्मा मागून म्हणत होती, "वैनी, इचारत न्हाईत तसं." मी ऐकलं नाही. दार वाजवलं. कोवळी पोर, खांद्यावर बाळ. मी म्हटलं, "बाई, फडक्याची घडी तू घातलीस? खरंच पुरं झालं का गं?" तिनं खांद्यावरचं बाळ सावरलं. मग हसली आणि म्हणाली, "व्हय की. माझी माय आलीया कालच. ती करायलीया समदं." आतून तिची आई पुढं आली आणि मला बस म्हणाली.

खरंच पुरं झालं होतं, अक्का! पोरगी लाजली नाही, चिडली नाही. विचारायला किती वेळ लागला असेल? मी परत येताना तुमच्या ओट्यापाशी थांबले. ओटा रिकामा होता. त्या कोपऱ्यावर, तुम्ही पाय सोडून बसायच्या तिथं, मी डोकं टेकवलं. हात जोडले नाहीत.

निलम्मानं मला निघताना एक जुनी दुरडी दिली, तुमच्याच हातची शेणानं सारवलेली. इथं नौबादला खाणीवरची, रेल्वेवरची किती पोरं-पोरी येऊन राहिली आहेत. कुणाची सासू मेहकरला, कुणाची आई औरादकडे, बाळंतपणाला जवळ कुणी नाही. हलीमाबींना मी आल्या आल्या दारातच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुरडी तू भर, पूछने का काम मेरा." मी म्हटलं, नाही, विचारायचं काम माझंही आहे.

तेव्हा हे माझं वचन समजा. दुरडी चालवीन. फडकं पसरलेलं असो नाहीतर घडी घातलेलं असो, मी आत जाऊन विचारीन. लाजली तर लाजू दे. नाही म्हणाली तर चुलीवरचं भांडं उघडून बघीन. शिव्या खाव्या लागल्या तर खाईन, पण दारापर्यंत येऊन परत फिरणार नाही.

आणि एक मागणं आहे. तुमच्यात म्हणतात, माणूस लिंगात मिसळलं की वेगळं काही उरत नाही. असेल तसं. पण चुकून कुठं वाटेत माझी पोर भेटली, तर तिला नाव नाही, हाक कशी मारणार? खूण तुम्हाला ठाऊक आहे, उजव्या गालाची खळी. तिला तुमच्या नेहमीच्या आवाजात विचारा, "ऊटा आयता?"

आणि अक्का, या वेळी तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.

तुमची,
उदगीरची पोर
भागीरथी